दगडी फरशीखालचं गरम पाणी

जर्मनीत नवं घर बांधताना खोली उबदार ठेवायला भिंतीवरच्या रेडिएटरऐवजी (गरम पाण्याच्या पॅनेलऐवजी) पुष्कळदा फरशीच तापवतात. फरशीखालच्या कोब्यात 16 मिमी व्यासाची प्लास्टिकची नळी वेटोळी घालून पुरलेली असते आणि तिच्यातून 35 ते 40 अंश सेल्सिअसचं पाणी फिरतं. अख्खी जमीनच तापत असल्याने एवढ्या कोमट पाण्यावर भागतं, म्हणूनच हीट पंपाशी, म्हणजे बाहेरची हवा किंवा जमीन यांतली उष्णता ओढून घरात आणणाऱ्या यंत्राशी, ही पद्धत छान जुळते. युरोपीय मानकानुसार वावरायच्या जागी फरशी 29 अंशांहून गरम होऊ द्यायची नसते. खोली 20 अंशांवर असेल, तर तेवढ्यात चौरस मीटरमागे साधारण 100 वॅट उष्णता मिळते. वर दगड असणं उत्तम: 20 मिमी ग्रॅनाइट उष्णतेला जेवढं अडवतो, त्याच्या दहापट तरी 15 मिमी ओकचं लाकूड अडवतं.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा कोबा पडायच्या आधीच. तळाशी ओल अडवणारा कागद आणि त्यावर कडक थर्मोकोल हवा. जमिनीला टेकलेल्या खोलीत तो किमान 45 मिमी तरी लागतो, नाहीतर बरीचशी उष्णता खाली मातीत जाते. पॅकिंगचा मऊ थर्मोकोल दबतो आणि वरचा कोबा तडकतो.

नळ्यांमध्ये 15 सेंमी अंतर ठेवलं, तर चौरस मीटरला पावणेसात मीटर नळी लागते. एक वेटोळं 100 मीटरच्या आत, म्हणजे जास्तीत जास्त 15 चौरस मीटरचं ठेवावं. त्याहून लांब झालं की पंपाला पाणी ढकलणं जड जातं. गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं घातलं की जाणारी गरम आणि परतीची निवलेली नळी शेजारी शेजारी येतात, त्यामुळे फरशी सगळीकडे सारखी तापते.

भिंतीलगतच्या फोमच्या पट्टीकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. आठ मीटर लांबीचा कोबा 25 अंशांनी तापला की जवळपास अडीच मिमी वाढतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून चारी बाजूंनी 8 ते 10 मिमी जाडीची पट्टी लावतात. ती लाद्या बसवून झाल्यावरच कापायची आणि ती फट सिलिकॉनने भरायची. तिथे सिमेंट भरलं, तर फरशी भिंतीला अडते आणि कडेच्या लाद्या उचलतात.

कोबा टाकताना नळ्यांत दाबाखाली पाणी असू द्यावं; खिळा लागला तर दाबमापकाचा काटा लगेच खाली येतो. नळ्यांवर किमान 45 मिमी सिमेंटचा कोबा घालतात. तो 21 दिवस तसाच ठेवायचा, मग तीन दिवस 25 अंशांचं पाणी आणि त्यापुढे चार दिवस पूर्ण तापमानाचं पाणी सोडायचं. लाद्या त्यानंतर, त्याही कोब्यातली ओल मोजून. घाईने तापवलेला कोबा वरून आधी सुकतो, कडा उचलतो आणि तडकतो. संगमरवराखाली ओल राहिली, तर डाग उमटतात आणि ते सहसा निघत नाहीत.

अशी फरशी तापायला वेळ घेते. 65 मिमी जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 130 किलो भरतं. 100 वॅटने तो एक अंश तापायला वीसेक मिनिटं लागतात, 12 अंशांसाठी चार तासांहून जास्त. म्हणून रात्री पूर्ण बंद करून सकाळी चालू करण्यापेक्षा तापमान दोनेक अंशांनीच उतरवावं.