ग्लायडरचे शेपूटचाक : बदल आणि सुधारणा

ग्लायडरच्या शेपटीखाली, रडरच्या (दिशा वळवणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या झडपेच्या) जरा पुढे बसवलेले वीतभर व्यासाचे चाक म्हणजे शेपूटचाक किंवा टेलव्हील. बहुधा बिनइंजिनाच्या या विमानाचा जवळजवळ सगळा भार पोटाखालच्या एकाच मोठ्या चाकावर असतो. शेपूटचाक मागची बाजू जमिनीपासून वर धरते, धावताना दिशा टिकवते आणि उतरताना शेपटीला बसणारा हादरा झेलते. काम दुय्यम असल्यामुळे त्याच्याकडे लक्ष जाते ते बहुधा बिघाड झाल्यावरच. ते बदलणे तासा-दीड तासाचे काम आहे, पण कोणते बसवायचे हा प्रश्न सोपा नाही. विदर्भासारख्या काळ्या मातीच्या, काटेरी आणि कडक उन्हाच्या मुलखात तर तो अधिकच अवघड होतो.

जुन्या लाकडी ग्लायडरांना शेपटीला चाक नसे. लाकडाची किंवा पोलादी पट्टीची घसरपट्टी, म्हणजे स्किड, आणि तिच्यावर हादरा शोषायला रबर, एवढ्यावर भागे. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने तयार केलेले आणि १९६१ मध्ये प्रथम उडालेले 'रोहिणी' हे शेजारी-शेजारी दोन आसनांचे लाकडी ग्लायडर याच घडणीचे. गवताळ मैदानावर स्किड उत्तम चालते. ती जमिनीला घासून ब्रेकचे काम करते आणि शेपटी इकडेतिकडे जाऊ देत नाही. डांबरी धावपट्टीवर मात्र ती भराभर झिजते, धावपट्टीला ओरखडे पाडते, आणि ग्लायडर ढकलायचे म्हटले की एका माणसाला शेपटी उचलून चालावे लागते. फायबरग्लासची ग्लायडर आली, धावपट्ट्या पक्क्या झाल्या, तसे स्किड मागे पडून चाक रूढ झाले. काही निर्मात्यांनी आपल्या जुन्या ग्लायडरांसाठीही चाकाचा पर्याय काढला. या नोंदीत 'सुधारणा' म्हटले आहे ती मुख्यतः तीन प्रकारची : स्किड काढून चाक बसवणे, भरीव रबराच्या चाकाजागी हवेचे चाक घेणे, किंवा अरुंद चाकाजागी रुंद चाक घेणे.

रचना : उभ्या शेपटीच्या बुडाशी एक लहान पेटी असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या कानांमधून आस जातो, आसावर बेअरिंग आणि दोन्हीकडे अंतर राखणाऱ्या नळ्या, मध्ये चाक. बाहेर फायबरग्लासचे आवरण असते, त्यातून चाकाचा खालचा भाग तेवढा डोकावतो. हवेच्या चाकांत २०० × ५० आणि २१० × ६५ ही दोन मापे सर्रास आढळतात. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बहुतेक चाके एकाच दिशेला पक्की असतात. स्वतःच्या इंजिनावर उड्डाण घेणाऱ्या काही ग्लायडरांत ती रडरला जोडून वळती केलेली असतात. जमिनीवर ग्लायडर फिरवताना शेपटीला जी सुटी, चहूकडे वळणारी चाकगाडी, म्हणजे डॉली, अडकवतात ती वेगळी. ती उड्डाणाआधी न काढल्यामुळे अपघात झालेले आहेत, आणि त्याचे कारण पुढे वजनाच्या विवेचनात येईल.

विदर्भातील जमीन : मार्च ते मे या महिन्यांत इथली उघडी वावरे तापून उष्ण हवेच्या ज्या वर चढणाऱ्या जोरकस झोतांना जन्म देतात ते ग्लायडिंगला अनुकूल असतात, दुपारी उठणाऱ्या वावटळी आणि पंख न हलवता वर चढणाऱ्या घारी ही त्यांची उघड खूण. बेलोरा (अमरावती), शिवणी (अकोला), बिरसी (गोंदिया), मोरवा (चंद्रपूर) आणि यवतमाळ इथे धावपट्ट्या आहेत. पक्क्या पट्टीवर शेपूटचाकाची कसोटी लागत नाही. ग्लायडरला मात्र बहुधा इंजिन नसते, आणि झोत संपला की जवळ असेल त्या वावरात उतरणे या खेळात गृहीतच धरलेले असते. तेव्हा चाक निवडायचे ते धावपट्टीसाठी नव्हे, वावरासाठी.

पश्चिम विदर्भातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात बेसाल्टपासून बनलेली काळी कसदार माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून फाटते. उन्हाळ्यात तिच्यात काही सेंटिमीटर रुंद आणि अर्ध्या मीटरहूनही खोल भेगा पडतात. पोटाचे मोठे चाक अशा भेगेवरून सहसा निभावून जाते. ५० मिलिमीटर रुंदीचे शेपूटचाक मात्र, भेग धावण्याच्या दिशेतच आली तर, सरळ आत बसू शकते. त्यातच एक पंख पिकाला किंवा धुऱ्याला अडकून ग्लायडर जमिनीवरच गिरकी घेऊ लागले, तर अडकलेले चाक बाजूला सरकत नाही आणि सगळा पीळ शेपटीच्या दांड्यावर येतो. गिरकी सुरू होताच कॉकपिटमधली नियंत्रणाची काठी पुढे दाबून शेपटी उचलावी असे वैमानिकांना शिकवतात ते यासाठीच. दांडा मोडण्याचे ते नेहमीचे कारण आहे. ६५ मिलिमीटरचे चाक भेगेत अडकण्याची शक्यता कमी, आणि वखरलेल्या भुसभुशीत वावरात ते रुततेही कमी.

पिकांचाही विचार करावा लागतो. गहू किंवा हरभरा निघालेले मोकळे वावर उतरायला सर्वांत चांगले. पऱ्हाटीचे वावर वरून सपाट दिसते, पण वाळलेल्या पऱ्हाट्या लाकडासारख्या कडक असतात आणि उपटून नेल्यावरही मागे बुडखे राहू शकतात. शेपूटचाकाच्या आवरणाचे ते तुकडे करतात. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, धानाच्या बांध्या लहान आणि त्यांच्याभोवती पाळी. तिथे चाकाच्या मापावर खल करण्यापेक्षा उतरायला दुसरी जागा शोधणे शहाणपणाचे.

राहिले काटे. धुऱ्यावरची बाभूळ, पडीत जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ आणि पायवाटांवर पसरलेले सराटे यांनी सायकलवाल्यांना जसे जेरीस आणले आहे तसेच ते शेपूटचाकालाही आणतात. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचा एखादा काटा वर राहतो. लहान टायरचे रबर पातळ आणि ट्यूब त्याहून पातळ. काटा मोडून आतच राहिला तर हवा तासाभरात न जाता दोन दिवसांत जाते, आणि ग्लायडर उभे असताना ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधणे हा इकडच्या कामाचा आवश्यक भाग धरावा. बोटांना चिंधी गुंडाळून फिरवली की काटा अडकतो आणि रक्तही निघत नाही. एवढ्या लहान ट्यूबला ठिगळ लावत बसू नये, बदलून टाकावी.

भरीव की हवेचे : काट्यांचा त्रास पाहून भरीव रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे चाक घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ते पंक्चर होत नाही, दाब पाहावा लागत नाही. पण ते दबत नाही, म्हणून उतरतानाचा ठोका जसाच्या तसा पेटीच्या कानांवर आणि तिथून दांड्यावर जातो. विंचने (दोर गुंडाळून ग्लायडर ओढणाऱ्या यंत्राने) उड्डाण घेताना नाकावर टेकलेले दोनआसनी ग्लायडर झटक्यात पुढे निघाले की नाक उचलते आणि शेपटी दाणकन खाली आदळते. असे ठोके प्रशिक्षणाच्या ग्लायडरला दिवसभर बसत राहतात. बाजारात मिळणारे पंक्चररोधक द्रावण ट्यूबमध्ये भरण्याचाही मार्ग सुचतो. त्याने काटा निभावतो, पण शेपटीच्या टोकावर वजन वाढते आणि चाकाचा तोल बिघडतो. काळ्या मातीत वरचेवर उतरणार असेल तर रुंद हवेचे चाक आणि जवळ दोन जादा ट्यूब हाच पर्याय बरा, भरीव चाक नव्हे.

उन्हाचा परिणाम दाबावर होतो. सकाळी २५ अंशांना ३ बार (बार हे दाबाचे एकक) हवा भरलेले चाक दुपारी तापलेल्या डांबरावर उभे राहून ६० अंशांपर्यंत गेले, तर दाब जवळपास अर्धा बार वाढतो. हवा सकाळी, चाक थंड असताना मोजावी. किती भरायची याचा आकडा त्या ग्लायडरच्या हस्तपुस्तिकेत असतो. शेपूटचाकांसाठी तो बहुधा २ ते ४ बारच्या दरम्यान असला तरी शेजारच्या ग्लायडरचा आकडा उसना घेऊ नये.

२०० × ५० चा टायर हमालीच्या ट्रॉल्यांनाही बसतो आणि त्याची किंमत विमानाच्या टायरपेक्षा पुष्कळ कमी असते. मोह इथेच होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने टेकताना २०० मिलिमीटरचे चाक मिनिटाला २,००० हून अधिक फेरे घेते. माल ढकलायच्या ट्रॉलीचे बेअरिंग त्यासाठी केलेले नसते. माप जुळणे आणि भाग जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वजनाचा हिशोब : सुधारणेतील खरी अडचण इथे आहे. समजा एका एकआसनी ग्लायडरचे वैमानिकासह वजन ३५० किलो आहे आणि शेपूटचाक गुरुत्वमध्याच्या ४ मीटर मागे आहे. नवे चाक, आस आणि आवरण मिळून जुन्यापेक्षा १ किलो जड निघाले तर गुरुत्वमध्य सुमारे ११ मिलिमीटर मागे सरकतो. गुरुत्वमध्य कुठपासून कुठपर्यंत असावा याची मर्यादा निर्मात्याने मिलिमीटरांत बांधून दिलेली असते आणि मागची मर्यादा ओलांडणे सर्वांत धोक्याचे. मागे जास्त माल भरला की बंडी उलार होते; ग्लायडर उलार झाले तर नाक खाली येईनासे होते आणि हवेतल्या गिरकीतून, म्हणजे स्पिनमधून, ते बाहेर काढणे कठीण जाते. विसरलेली डॉली नेमके हेच करते.

वैमानिक गुरुत्वमध्याच्या साधारण अर्धा ते पाऊण मीटर पुढे बसतो. म्हणून शेपटीवरच्या एका किलोची भरपाई करायला त्याच्या जागी साडेपाच ते आठ किलो लागतात. ज्या ग्लायडरात वैमानिकाचे किमान वजन ७० किलो होते ते ७६-७७ वर जाते, आणि काल त्यात उडणाऱ्या सडपातळ विद्यार्थ्याला आज आसनाशी शिशाचे वजन घ्यावे लागते. उलटपक्षी, जड लोखंडी स्किड काढून हलके चाक लावले तर गुरुत्वमध्य पुढे येतो. तेही मोजावेच लागते, कारण पुढची मर्यादाही असतेच.

प्रत्यक्ष बदल : पंख काढून धड पाळण्यात ठेवले तर काम निवांत होते. शेपटी गादी घातलेल्या घोडीवर टेकवावी, पण टेकू रडरखाली देऊ नये. फटीवरची चिकटपट्टी काढून आवरण सोडवले की आत बहुधा वाळलेल्या मातीचा गोळा सापडतो. पाणी वाहून जाण्याचे छिद्र मातीने बुजलेले असेल तर पेटीत पावसाळ्याचे पाणी साचून आस गंजलेला असण्याची शक्यता मोठी. आसाचा नट सोडवून आस हळूच बाहेर ओढताना दोन्हीकडच्या नळ्या आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवावेत. डावी-उजवी नळी सारखी दिसते, लांबी सारखी असेलच असे नाही. अदलाबदल झाली तर चाक पेटीच्या एका भिंतीला घासते.

दोन फाळक्यांचे चाक उघडण्याआधी हवा पूर्ण काढावी लागते. हवा असताना बोल्ट सोडले तर फाळकी उडून इजा होते. नव्या ट्यूबला शंखजिरे लावून ती थोडी फुगवून टायरमध्ये बसवतात, म्हणजे फाळक्यांच्या मध्ये ती चिमटत नाही. चाक बाहेर असताना पेटीचे कान नीट पाहून घ्यावेत : जेलकोटवर, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर, केसासारख्या रेघा आहेत का, आसाच्या भोकाभोवती फायबर पांढरे पडले आहे का. नाण्याने ठोकत गेल्यावर एखाद्या ठिकाणी आवाज बद आला तर आतले थर सुटले असण्याचा संभव असतो, आणि तसे असल्यास चाक बाजूला ठेवून आधी दुरुस्ती करावी लागते. जोडताना स्वयंरोधक नट आणि खिळ नवी वापरतात. रुंद चाक घेतले असेल तर चाक आणि पेटी यांच्यामधली फट विशेष तपासावी. जूनच्या पहिल्या पावसानंतर काळा चिखल अशा फटीत ठासून बसतो आणि चाक फिरायचे थांबून नुसते घसरू लागते. कोरड्या मैदानावर छान फिरणारे चाक पावसाळ्यात तसेच फिरेल असे नाही. शेवटी रडर दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ते आवरणाला कुठे लागत नाही ना, ते पाहतात.

मान्यता आणि नोंदी : ग्लायडर हे कायद्याने विमानच आहे. भारतात ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. झिजलेल्या चाकाजागी तेच चाक बसवणे ही देखभाल झाली. वेगळ्या मापाचे चाक किंवा स्किडच्या जागी चाक हा रचनेतला फेरफार ठरतो, आणि त्याला निर्मात्याचे तांत्रिक पत्रक किंवा मान्य आराखडा लागतो. काम परवानाधारक अभियंत्याच्या सहीने पूर्ण होते. फेरफारानंतर ग्लायडर पुन्हा तोलून नवा गुरुत्वमध्य काढतात, तो नोंदवहीत लिहितात आणि कॉकपिटमधल्या फलकावरचा किमान वजनाचा आकडा बदलतात. पहिल्या काही उतरणींनंतर आसाचा नट आणि हवेचा दाब पुन्हा पाहतात, कारण नवी ट्यूब टायरमध्ये नीट बसेपर्यंत दाब थोडा उतरतो.