पाठीवरचं बिऱ्हाड आणि पन्नास राज्यांचा करार

बदलीची नोकरी असलेल्या घरात ‘शाळा सोडल्याचा दाखला’ या कागदाचं महत्त्व मुलांनाही ठाऊक असतं. तो वेळेवर मिळाला नाही की नव्या गावातली शाळा दारातच अडवते. आपल्याकडे सैन्यातल्या आणि केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं उभी राहत गेली. पुण्याहून पठाणकोटला बदली झाली तरी पुस्तक तेच, मंडळ तेच. अमेरिकेला हा रस्ता मोकळा नव्हता. तिथे सैनिकांच्या मुलांची शाळा सुरळीत चालावी म्हणून पन्नास राज्यांना आपापसात करार करावा लागला आणि तो राबवायला एक आयोग नेमावा लागला. त्याचं नाव मिलिटरी इंटरस्टेट चिल्ड्रन्स कॉम्पॅक्ट कमिशन, बोलीत एमआयसी-थ्री.

अडचणीचं मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. शिक्षण हा विषय घटनेने केंद्राकडे दिलेला नाही आणि जे केंद्राला दिलेलं नाही ते दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांचं. राज्यांनी त्यातला बराच कारभार शाळा-जिल्ह्यांकडे, म्हणजे आपापल्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांकडे सोपवला. त्यामुळे बालवाडीत घेण्याच्या वयाची तारीख एका राज्यात एक, शेजारच्या राज्यात दुसरी. शालान्त होण्यासाठी टेक्सासमध्ये लागणारे विषय वेगळे, व्हर्जिनियात वेगळे. राज्याचा स्वतःचा इतिहास शिकणं बऱ्याच ठिकाणी सक्तीचं. एका राज्याचा इतिहास शिकून आलेल्या मुलाला दुसऱ्या राज्यात पुन्हा नव्याने तोच तास भरावा लागायचा आणि त्यासाठी गणिताचा किंवा विज्ञानाचा वरचा वर्ग सोडावा लागायचा.

आणि ही मुलं एकदाच हलत नाहीत. बालवाडीपासून शालान्त होईपर्यंत सैनिकाचं मूल सहा ते नऊ वेळा शाळा बदलतं, असा अंदाज तिथे नेहमी दिला जातो. लष्कराच्या स्वतःच्या शाळा आहेत, पण त्या बहुतांशी परदेशातल्या तळांवर आणि देशातल्या मोजक्या ठिकाणी. बाकीची बहुसंख्य मुलं गावातल्या सार्वजनिक शाळेतच जातात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते या घरांना अगदी लागू आहे. फक्त दप्तराचं ओझं मुलाच्या वाट्याला येतं, आणि बदलीचा हुकूम त्याच्या नावाने निघालेला नसतो.

केंद्र सरकारने आधी पैशाची वाट धरली. १९५० मध्ये ‘इम्पॅक्ट एड’ कायदा झाला. शाळा बऱ्याच अंशी ज्यावर चालतात तो मालमत्ता कर लष्करी तळाच्या जमिनीवर मिळत नाही, पण तिथली मुलं गावाच्या शाळेत येतात. तो खड्डा केंद्राने भरून द्यायचा, अशी ती योजना. ती गरजेची होती आणि आजही चालू आहे. पण पैशाने शाळा चालते, एका राज्यातले गुण दुसऱ्या राज्यात ग्राह्य धरले जात नाहीत.

१९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती थांबली. सैनिक आता नोकरी म्हणून सैन्यात राहू लागला, म्हणजे संसारासह राहू लागला. मुलांच्या शाळेमुळे चांगली माणसं सैन्य सोडून जातात, ही काळजी वरिष्ठांपर्यंत पोहोचायला तरीही बराच काळ गेला. १९९८ मध्ये टेक्सासमध्ये मिलिटरी चाइल्ड एज्युकेशन कोअलिशन ही संस्था सुरू झाली. तिने भूदलासाठी माध्यमिक शाळेतल्या स्थलांतराचा मोठा अभ्यास केला आणि २००१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातून काही शाळा-जिल्ह्यांनी एकमेकांशी सामंजस्याचे करार केले. हेतू उत्तम होता. पण सामंजस्य सही करणाऱ्या अधीक्षकापुरतं, म्हणजे शाळा-जिल्ह्याच्या प्रमुखापुरतं असतं. तो बदलला की कागद कपाटात जातो, आणि सही न केलेल्या जिल्ह्याला तर त्याचं काहीच बंधन नसतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा धडा इथे मिळाला: मुलाचं वर्ष कुणाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

मग इराक आणि अफगाणिस्तानची युद्धं आली. एकेका घरातून आई किंवा वडील वारंवार रणांगणावर जाऊ लागले. त्यातच २००५ मध्ये लष्करी तळांची मोठी फेररचना ठरली. काही तळ बंद, काही दुप्पट मोठे. हजारो कुटुंबं एकदम हलणार हे दिसत होतं. २००६ मध्ये संरक्षण खात्याने कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स या राज्यांच्या संस्थेला हाताशी धरलं. शिक्षणाधिकारी, आमदार, लष्करी कुटुंबांच्या संघटना यांना एकत्र बसवून २००७ मध्ये कराराचा मसुदा तयार झाला.

आंतरराज्य करार ही अमेरिकेत जुनी वाट आहे. घटनेच्या पहिल्याच कलमात तिचा उल्लेख आहे: काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संमतीशिवाय राज्यांनी एकमेकांशी करार करू नयेत. १८९३ मध्ये व्हर्जिनिया आणि टेनेसीच्या सीमावादात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सैल केला. केंद्राच्या सत्तेला धक्का लावणाऱ्या करारांनाच ती संमती हवी, असं न्यायालय म्हणालं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचं बंदर १९२१ पासून अशाच करारावर चालतं, कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ च्या अशाच करारावर वाटलं जातं. मुलांच्या करारासाठी मात्र जवळचा नमुना होता तो वेगळ्याच खात्यातला. पॅरोलवर सुटलेल्या माणसाने राज्य ओलांडलं तर त्याच्यावर देखरेख कुणी ठेवायची, यासाठी १९३७ चा एक जुना करार होता. तो पाळला नाही तरी कुणी काही करू शकत नसे. त्याच्या जागी २००२ मध्ये नवा करार लागू झाला, नियम करण्याचे आणि ते पाळायला लावण्याचे अधिकार असलेल्या आयोगासह. मुलांच्या करारातला आयोग त्याच धाटणीचा आहे.

करारात अट होती की दहा राज्यांनी कायदा केला की तो लागू होईल. जुलै २००८ मध्ये दहावं राज्य आलं. ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स इथे आयोगाची पहिली बैठक झाली आणि २००९ मध्ये नियम मंजूर झाले. टेक्सास, व्हर्जिनिया, कॅलिफोर्निया ही मोठ्या तळांची राज्यं २००९ मध्येच कायदा करून आली. २०१४ मध्ये न्यूयॉर्क आलं आणि पन्नास राज्यं व वॉशिंग्टन डी.सी. अशी यादी पूर्ण झाली.

कारभाराची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रत्येक राज्याचा एक आयुक्त आणि प्रत्येक राज्याला एक मत. ज्या राज्यात लाखभर सैनिक आहेत त्याचंही एक आणि जिथे नावापुरता तळ आहे त्याचंही एकच. वर्गणी मात्र मुलांच्या संख्येवर. सुरुवातीला दर मुलामागे एक डॉलर असा हिशोब होता. पुढे लहान राज्यांसाठी किमान आणि मोठ्यांसाठी कमाल रक्कम ठरली. संरक्षण खातं आणि लष्करी कुटुंबांच्या संघटना बैठकीला बसतात, बोलतात, पण मत देत नाहीत. हे मला फार योग्य वाटतं. शाळा राज्यांची आहे, म्हणून नियमही राज्यांनीच करायचे. लष्कराने गरज सांगायची. कार्यालय केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनमध्ये आहे.

आयोगाने केलेल्या नियमांना कायद्याचं बळ आहे, पण ते निरंकुश नाही. सदस्य राज्यांपैकी बहुसंख्य विधिमंडळांनी एखादा नियम नाकारला तर तो सगळीकडे रद्द होतो. राज्याला बाहेरही पडता येतं, पण कायदा मागे घेतल्यावर वर्षभर थांबून. एखादं राज्य करार मोडत असेल तर आधी लेखी कळवायचं, प्रशिक्षण द्यायचं, मदत करायची. तरीही फरक पडला नाही तर संघराज्य न्यायालयाचा दरवाजा आहे. शिवाय प्रत्येक राज्यात एक राज्य परिषद असते. तीत शिक्षण खात्याचा प्रमुख, सैनिकांची मुलं जास्त असलेल्या एखाद्या जिल्ह्याचा अधीक्षक, तळाचा प्रतिनिधी, विधिमंडळ आणि शासनाची माणसं बसतात, आणि कुटुंबांना मदत करणारा एक संपर्क अधिकारी नेमला जातो.

या साऱ्यातून मुलाच्या हातात काय पडतं? मूळ कागद यायच्या आधी तात्पुरत्या नोंदींवर प्रवेश. राहिलेल्या लसींसाठी तीस दिवस. बालवाडीत बसलेलं मूल नव्या राज्यात वयाच्या कारणाने घरी बसत नाही. आई किंवा वडील रणांगणावर निघताना किंवा परतल्यावर अधीक्षकाच्या परवानगीने जादा रजा. बारावीत बदली झाली आणि नव्या शाळेच्या अटी कोणत्याही तडजोडीने पूर्ण होईनात, तर जुन्या शाळेने शालान्त झाल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. सतरा वर्षांच्या मुलाचं अख्खं वर्ष या एका ओळीने वाचतं.

ज्या मुलांपर्यंत हा करार पोहोचत नाही तीही आहेत. खाजगी शाळा त्याच्या बाहेर आहेत. नॅशनल गार्ड (राज्य आणि केंद्र दोघांच्याही हुकमावर काम करणारं राज्यांचं दल) आणि राखीव दलातल्या सैनिकांची मुलं पालक केंद्राच्या हुकमावर पूर्णवेळ सेवेत असतील तेव्हाच आत येतात. राज्याच्या हुकमावर पुरात, वणव्यात काम करणाऱ्या गार्डच्या घराला हे छत्र मिळत नाही, आणि कक्षा वाढवण्याची मागणी त्यामुळेच होते आहे. मेपासून ऑगस्टपर्यंत बदल्यांचा हंगाम असतो. त्या चार महिन्यांत हा करार खरा कसाला लागतो तो शाळेच्या प्रवेशखिडकीवर, जिथे नव्याने लागलेल्या कारकुनाने आयोगाचं नावही ऐकलेलं नसतं. म्हणून आयोगाचं बरंचसं काम आजही शिकवण्याचंच आहे: दरवर्षी नवे मुख्याध्यापक, नवे समुपदेशक, आणि पुन्हा तोच तीस दिवसांचा नियम पहिल्यापासून.