बकेट ट्रक व क्रेनवरील वृक्षकामातील पतनसंरक्षण साधने

झाडांच्या फांद्या छाटणे, वाळलेली किंवा धोकादायक झाडे शेंड्यापासून तुकड्यातुकड्यांनी उतरवणे आणि वादळात मोडलेल्या फांद्या काढणे ही कामे करणारा कामगार उंचीवरून पडू नये, आणि पडलाच तर जमिनीवर आदळण्यापूर्वी थांबावा, यासाठी अंगावर बांधायचे पट्टे, त्यांना जोडलेला दोर आणि तो दोर अडकवण्याची जागा यांची जी जोडणी वापरतात, तिला पतनसंरक्षण साधने म्हणतात. दोराने झाडावर चढणाऱ्या कामगाराचा आधार झाड हाच असतो. बकेट ट्रकवर, म्हणजे लांब हाताच्या टोकाला माणसाने उभे राहण्याची बादली असलेल्या ट्रकवर, मात्र तो आधार यंत्राच्या हायड्रॉलिक हाताकडे, म्हणजे बूमकडे जातो, आणि क्रेनवर तो जमिनीवरचा दुसरा माणूस चालवत असलेल्या क्रेनच्या तारेच्या दोरावर जातो. आधार स्वतःच हलणारा असल्यामुळे या कामात हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांचा संच, किती भारी आहे यापेक्षा तो कुठे अडकवला आहे आणि कोणत्या क्षणी सोडवायचा आहे, याला अधिक महत्त्व आहे. हे काम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर यंत्राने होते आणि त्याचे नियमही तेथे सविस्तर लिहिले गेले आहेत, म्हणून या नोंदीत मुख्यतः तेथील पद्धतीचे वर्णन केले आहे.

अमेरिकेतील वृक्षकामाचे सुरक्षा मानक ‘अ‍ॅन्सी झेड १३३’ या नावाने ओळखले जाते; अ‍ॅन्सी ही तेथील राष्ट्रीय मानक संस्था. झाड छाटताना आपला मुलगा गमावलेल्या न्यूयॉर्क राज्यातील एका आईने १९६० च्या दशकात केलेल्या पाठपुराव्यातून त्याची समिती उभी राहिली आणि १९७२ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. पुढे ते वेळोवेळी सुधारले गेले. २०१२ व २०१७ च्या आवृत्त्या विशेष वापरात आल्या. कामगार सुरक्षेची संघीय संस्था ‘ओशा’ हिने वृक्षकामासाठी दीर्घकाळ स्वतंत्र नियमावली केली नाही, त्यामुळे वाहनावरील उंच मंच, क्रेन, वैयक्तिक पतनसंरक्षण आणि वीजवाहिन्यांजवळील काम यांच्या निरनिराळ्या नियमांतून वृक्षकामाला लागू पडणारे कलम शोधावे लागते. व्हर्जिनिया, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांनी स्वतःचे नियम केले आहेत.

बकेट ट्रकची बादली बहुधा फायबरग्लासची आणि माणसाच्या कमरेइतकी खोल असते. चारही बाजूंनी भिंत असल्यामुळे आत उभा असलेला माणूस सुरक्षितच आहे असे पाहणाऱ्याला वाटते, आणि पट्टा न अडकवण्याची सवय याच समजातून लागते. प्रत्यक्षात बादलीतून माणूस तोल जाऊन पडतो त्यापेक्षा वेगळाच धोका गंभीर असतो, तो म्हणजे बाहेर फेकला जाण्याचा. कापलेली फांदी झोका घेऊन बूमवर आदळते, बूमखाली दबलेली फांदी एकाएकी सुटते, ट्रकच्या आधाराचा एखादा पाय मऊ जमिनीत खचतो किंवा रस्त्यावरचे वाहन ट्रकला धडकते, तेव्हा बुडाशी काही सेंटिमीटरच झालेली हालचाल १५ ते २० मीटर लांब बूमच्या टोकाला मोठा हिसका होऊन पोहोचते. गोफणीतून दगड सुटावा तसा माणूस बादलीबाहेर उडतो. अशा वेळी कठडा धरून राहायला सवडच मिळत नाही. म्हणून उंच मंचावर काम करताना पट्टा घातलेला व अडकवलेला असलाच पाहिजे, असे ओशाचा नियम सांगतो.

पट्टा अडकवायचा तो बूमला किंवा बादलीलाच, आणि तोही उत्पादकाने नेमून दिलेल्या कडीला. शेजारच्या झाडाला, खांबाला किंवा इमारतीला तो बांधण्यास बांधकामविषयक नियमांत स्पष्ट मनाई आहे आणि वृक्षकामातही तोच दंडक योग्य आहे. झाडाला बांधलेला माणूस आणि हलणारी बादली यांत अंतर पडले तर पट्टाच त्याला बादलीबाहेर ओढतो. झाड कलले तर तेही त्याला सोबत घेऊन जाते. बादलीच्या काठावर बसणे, काठावर चढणे किंवा आत शिडी ठेवून उंची वाढवणे यांसही मनाई आहे. बादलीतून झाडावर उतरायचेच असेल, तर आधी झाडावरचा दोर पक्का करून मगच बूमचा हुक काढायचा, म्हणजे एका क्षणासाठीही माणूस मोकळा राहत नाही.

अंगावरच्या साधनाचे दोन हेतू असू शकतात आणि त्यांची गल्लत होता कामा नये. पहिला हेतू माणसाला काठापर्यंतच रोखण्याचा, म्हणजे तो पडूच नये असा बंदोबस्त करण्याचा. दुसरा, पडलेल्या माणसाला हवेत थांबवण्याचा. साधा कमरपट्टा पहिल्या कामाला चालतो. दुसऱ्या कामाला तो घातक ठरतो, कारण थांबण्याचा सगळा धक्का पोटावर व कण्यावर बसतो आणि माणूस पट्ट्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बांधकाम क्षेत्रात पडणे थांबवण्याच्या व्यवस्थेत कमरपट्ट्याला बंदी आली आणि नंतर इतर उद्योगांच्या नियमांतही तीच भूमिका घेतली गेली. पूर्ण शरीराचा हार्नेस हा धक्का मांड्या, ओटीपोटाची हाडे, छाती व खांदे यांवर वाटून देतो आणि खांद्यांच्या फऱ्यांमधील डी-कडीमुळे माणूस थांबल्यावर साधारण उभा राहतो. झाडावर चढणारे जी बसकी ‘सॅडल’ वापरतात ती दोरावर बसून काम करण्यासाठी असते. केवळ तिच्या भरवशावर मोठे पतन थांबवणे हे तिचे काम नव्हे.

१.८ मीटर मोकळे पडलेल्या माणसाचा वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर होतो. साध्या दोराने त्याला एकदम थांबवले तर दोर टिकेल, पण शरीर टिकेलच असे नाही. यासाठी लॅनयार्डमध्ये, म्हणजे हार्नेस आधाराला जोडणाऱ्या आखूड दोरात किंवा पट्ट्यात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवतात. घडी घालून शिवलेली ही पट्टी ताण येताच आपली शिवण एकामागून एक टाका तोडत उलगडते आणि पतनाची ऊर्जा त्या तुटणाऱ्या टाक्यांत खर्च होते. ओशाच्या नियमानुसार मोकळे पतन १.८ मीटरपेक्षा अधिक नसावे, थांबण्याचे अंतर १.०७ मीटरपेक्षा अधिक नसावे, शरीरावरचा बल ८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८१५ किलो वजनाच्या भाराइतका, ओलांडू नये, आणि अडकवण्याची जागा दर माणसी सुमारे २,२७० किलोचा भार पेलणारी किंवा जाणकाराने दुप्पट सुरक्षागुणक ठेवून आखलेली असावी. हुक व कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या जोडकड्या) आपोआप बंद होऊन कुलूप बसणारे हवेत. वृक्षकामाच्या मानकात तर कॅराबिनर उघडण्यासाठी निदान दोन वेगवेगळ्या, जाणूनबुजून केलेल्या हालचाली लागाव्यात अशी अट आहे, कारण डहाळ्यांच्या गर्दीत साधा हुक घासून उघडण्याची भीती असते.

हे सारे आकडे मांडले की बादलीतील लांब लॅनयार्डची अडचण लगेच दिसते. १.८ मीटर लांबीचा दोर, अ‍ॅब्सॉर्बरचे उलगडणे, पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंतची सुमारे दीड मीटर उंची आणि हार्नेसचे ताणले जाणे व थोडी राखीव जागा यांची बेरीज सव्वापाच मीटरच्या आसपास जाते. बूमवरची कडी बहुधा कामगाराच्या कमरेच्या खालीच असते आणि खालच्या फांद्या छाटताना बादली चार-पाच मीटरवरच असते. म्हणजे साधन व्यवस्थित चालले तरी माणूस थांबण्याआधी जमिनीवर पोहोचतो. त्यामुळे बादलीत माणूस आतच राहील इतका आखूड पट्टा किंवा झटका बसताच अडकणारी, आपोआप गुंडाळली जाणारी पट्टी वापरणे अधिक शहाणपणाचे आहे. बाहेर पडून लोंबकळण्यात दुसरेही धोके आहेत: दोर बादलीच्या कडेवर घासतो, माणूस झोका घेऊन खोडावर आपटतो आणि चालू असलेली चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, त्याच्यासोबत खाली येते.

चेनसॉ हे वृक्षकामाला इतर उंचीवरच्या कामांपासून वेगळे करणारे साधन आहे. ज्या दोरावर जीव अवलंबून आहे तो दोर क्षणात कापू शकणारे यंत्र कामगाराच्या स्वतःच्या हातात असते. म्हणून झाडावर राहून चेनसॉ चालवताना मुख्य दोराशिवाय दुसऱ्या एका दोराने किंवा लॅनयार्डने स्वतःला बांधणे झेड १३३ मध्ये बंधनकारक आहे. खोडाभोवती घालायच्या लॅनयार्डमध्ये काही जण पोलादी तारेचा गाभा असलेला प्रकार वापरतात. त्यावर करवतीचा ओझरता घाव लागला तरी तो लगेच तुटत नाही, पण वीजवाहिन्यांजवळ तोच लॅनयार्ड वीज वाहून नेतो आणि म्हणून तेथे चालत नाही. बादलीत मात्र पट्टा पाठीच्या कडीतून मागे जात असल्यामुळे तो आपसूक करवतीपासून दूर राहतो.

क्रेनच्या साहाय्याने झाड उतरवताना हा विषय सर्वांत नाजूक होतो. ओशाच्या सामान्य उद्योगांसाठीच्या क्रेन नियमात हुकावर किंवा भारावर माणूस असताना क्रेन हलवण्यास मनाई आहे. दुसरीकडे, वरपर्यंत पोहोचण्याचा तोच सर्वांत सुरक्षित मार्ग असेल तर पात्र वृक्षतज्ज्ञाला क्रेनने वर नेण्याची मुभा झेड १३३ देते, पण अटी कडक आहेत. क्रेन त्या मांडणीत जेवढा भार पेलू शकते त्याच्या निम्म्याहून अधिक भार माणूस उचलताना असू नये, हुक बूमच्या टोकाला भिडण्यापूर्वी क्रेन थांबवणारे यंत्र चालू असावे, चालकाने नियंत्रणे सोडून जाऊ नये आणि दोघांमध्ये रेडिओ किंवा ठरलेल्या हातखुणांचा संपर्क अखंड राहावा. कामगार हुकाच्या तोंडात लटकत नाही. तो आपल्या हार्नेसचा व चढण्याच्या दोराचा आधार हुकाच्या वरच्या, त्यासाठीच ठरवलेल्या जोडणीवर घेतो.

पुढचा क्रम असा असतो. वर गेलेला कामगार कापायच्या भागाला तोलाच्या जागी गोफे (भार उचलण्यासाठी क्रेनला जोडायचे पट्टे) घालतो, आपल्या दोराने खाली सरकतो, खोडाला बांधून घेतो आणि क्रेनवरचा दोर सोडवतो. त्यानंतरच चालक गोफे ताणतो आणि मग काप घेतला जातो. क्रेनवर लाकडाचा भार येण्यापूर्वी माणूस तिच्यापासून सुटलेला असावा, हा या कामाचा कणा आहे. ओल्या ओक लाकडाचे वजन घनमीटरला हजार किलोच्या आसपास असते, म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाचा अवघा तीन मीटर लांबीचा ओंडका साडेआठशे किलोंच्या घरात जातो. वजनाचा अंदाज चुकला, ओंडका झटक्याने सुटला किंवा क्रेन कलंडली, तर तिला बांधलेला माणूस त्या भाराबरोबर ओढला जातो. खोडाभोवतीचा लॅनयार्ड कापाच्या खाली आहे ना, हे काप घेण्याआधी हाताने चाचपून पाहतात. तो कापाच्या वर राहिला तर उचलला जाणारा ओंडका माणसालाही उचलतो. झाड इतके कुजलेले असेल की त्याला बांधून घेणेच धोक्याचे, तर क्रेनलाच बांधलेले राहण्याचा अपवाद मानकात आहे, पण अशा वेळी बादलीतून काम करणे किंवा दुसरे यंत्र आणणे अधिक बरे.

बांधून घेणेही धोक्याचे असलेल्या अशा झाडांची संख्या अमेरिकेत फार वाढली ती एमराल्ड अ‍ॅश बोरर या भुंगेऱ्यामुळे. २००२ मध्ये मिशिगन राज्यात प्रथम आढळलेल्या या किडीने अ‍ॅश जातीची असंख्य झाडे मारली, आणि वाळलेले अ‍ॅशचे खोड लवकर ठिसूळ होत असल्यामुळे त्यावर चढणे टाळून बादली व क्रेनकडे वळण्याचा कल वाढला. टोकाला पकड आणि करवत एकत्र असलेल्या क्रेनमुळे आता काही कामांत माणसाला वर जावेच लागत नाही. माझ्या मते या क्षेत्रातील हाच सर्वांत मोठा बदल आहे.

पडणे थांबले म्हणजे संकट टळले असे नसते. हार्नेसमध्ये हालचालीविना लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचते, शुद्ध हरपते आणि अर्ध्या तासाच्या आतही प्राण जाऊ शकतो. त्यामुळे तातडीने सोडवण्याची व्यवस्था मालकाने आधीच करून ठेवली पाहिजे, असे नियम सांगतात. बकेट ट्रकला खालीही नियंत्रणे असतात. वरच्या माणसाच्या परवानगीशिवाय ती एरवी वापरायची नसतात, आणीबाणीत मात्र ती चालवता येणारा माणूस जमिनीवर हजर असावा लागतो. हार्नेसला पाय ठेवण्याचा दोर असेल तर लोंबकळणाऱ्याला त्यावर उभे राहून काही वेळ काढता येतो.

हार्नेसची पाहणी रोज कामाआधी करतात. पट्टी हातात उलट्या यू आकारात वाकवली की करवतीचे बारीक काप व तुटलेले धागे वर येऊन दिसतात. राळ, चेन ऑइल आणि इंधनाचे डाग हे नुकसान झाकतात. अ‍ॅब्सॉर्बरची शिवण थोडीही उसवलेली असेल, किंवा साधनाने एकदा पतन थांबवलेले असेल, तर ते कामातून काढून टाकतात. मांडीचे पट्टे इतके आवळायचे की तळहात सपाट आत जाईल, पण मूठ जाणार नाही. बादलीतून उतरलेल्या कामगाराने फांद्यांचा चुरा करणाऱ्या चिपरजवळ जाण्याआधी हार्नेस व लॅनयार्ड उतरवले पाहिजेत, कारण लोंबणारा पट्टा फांदीत अडकून माणसाला यंत्रात ओढतो. हे साधन विजेपासून वाचवत नाही हेही ध्यानात ठेवावे लागते.

युरोपात हार्नेससाठी ईएन ३६१ आणि अ‍ॅब्सॉर्बरसाठी ईएन ३५५ ही मानके असून शरीरावरील बलाची मर्यादा ६ किलोन्यूटन, म्हणजे अमेरिकेपेक्षा कमी आहे. ब्रिटनमध्ये माणसे उचलणाऱ्या यंत्रांची व त्यांच्या जोडसाधनांची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी होते. भारतात सुरक्षापट्टे व हार्नेस यांचे मानक आयएस ३५२१ आहे. मुंबईत महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी करून घेते, आणि महाराष्ट्रातील वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा अधिनियम झाड तोडण्याच्या परवानगीचा विचार करतो. छाटणाऱ्या कामगाराच्या पट्ट्याचा व अडकवण्याच्या जागेचा विचार मात्र कामाचे कंत्राट देतानाच्या अटींत स्पष्ट लिहावा लागतो.