कासाल्स प्रादमध्ये का थांबले?

१९५० साली जर्मन संगीतकार बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली. त्यानिमित्त देशोदेशीचे नामवंत वादक जमले ते स्पेनच्या सीमेजवळच्या प्राद या छोट्याशा फ्रेंच गावात. कारण एकच: त्र्याहत्तर वर्षांचे चेलोवादक पाब्लो कासाल्स गावाबाहेर वाजवायला तयार नव्हते. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, बसून गजाने वाजवायचं मोठं वाद्य.

कासाल्स मूळचे स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या एल वेंद्रेलचे, जन्म १८७६चा. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. त्या काळी चेलो शिकवताना विद्यार्थ्याच्या उजव्या काखेत पुस्तक द्यायचे. ते पडता कामा नये, म्हणजे कोपर अंगाला चिकटलेलंच राहायचं. बार्सिलोनात शिकत असताना पोरवयातच कासाल्सनी कोपर मोकळं सोडलं. डाव्या हाताची बोटं ताणून लांबचे सूर धरले. आज चेलोवादकाचा हात इतका सहज फिरताना दिसतो, त्यात या पोराच्या हट्टाचा मोठा वाटा आहे.

तेराव्या वर्षी वडिलांबरोबर फिरताना त्यांना एका दुकानात बाखच्या सहा चेलो स्वीटची (स्वीट म्हणजे अनेक छोट्या तुकड्यांची मिळून झालेली रचना) छापील प्रत सापडली. या रचना तोवर रियाजाचे धडे म्हणूनच ओळखल्या जात. मैफलीत वाजलाच तर एखादा तुकडा. कासाल्स सुमारे बारा वर्षं त्या घोटत राहिले आणि मगच अख्खा स्वीट लोकांसमोर वाजवला. बारा वर्षं! सहाही स्वीट ध्वनिमुद्रित केले ते साठीच्या उंबरठ्यावर, १९३६ ते १९३९ या काळात.

नेमकं तेव्हाच स्पेन यादवी युद्धात जळत होतं. त्यात जनरल फ्रँको जिंकला, हुकूमशहा झाला आणि कासाल्स परागंदा होऊन प्रादला आले. फ्रान्समधल्या छावण्यांत खितपत पडलेल्या स्पॅनिश निर्वासितांसाठी त्यांनी पत्रं लिहिली, पैसा उभा केला. महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रं फ्रँकोलाही हटवतील, ही त्यांची आशा फोल ठरली. मग निषेध म्हणून त्यांनी जाहीर मैफलीच बंद केल्या. लोक ऐकायला आतुर असताना चेलो बाजूला ठेवणं मला त्यांच्या कुठल्याही वादनाइतकंच मोठं वाटतं.

तुम्ही येत नसाल तर आम्हीच येतो, असा मार्ग व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी काढला आणि प्रादचा महोत्सव उभा राहिला. मैफली चर्चमध्ये होत्या, त्यामुळे टाळ्यांना मनाई होती.

पुढे कासाल्स पोर्तो रिकोत स्थायिक झाले आणि १९७३ मध्ये तिथेच वारले. फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी गेला. १९७९ मध्ये कासाल्स यांचे अवशेष एल वेंद्रेलला आणण्यात आले.