सौना : व्यायाम की नुसता घाम

सौना म्हणजे लाकडी फळ्यांनी मढवलेली गरम, कोरडी खोली. आत साधारण ८०° ते १००° से. तापमान ठेवतात, हवेतला ओलावा कमी म्हणजे १० ते २० टक्क्यांच्या आसपास असतो, आणि माणूस बाकावर टॉवेल टाकून दहा-पंधरा मिनिटं बसतो, घाम काढतो, बाहेर येऊन गार होतो, परत आत जातो. असं बसणं व्यायामात धरायचं का हा प्रश्न आमच्या सोलापुरात जिममधे स्टीमच्या खोल्या आल्यापासून सारखा कानावर येतो, कारण छाती धडधडते, घाम निथळतो, नंतर अंग हलकं वाटतं, म्हणजे शंभर जोर मारल्यावर जे होतं ते सगळंच होतं. व्यायाम म्हणून ते धरता येत नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पण का नाही, हे बघण्यासारखं आहे आणि त्यात आपल्याच जुन्या ग्रंथांनी फार नेमकं सांगून ठेवलंय.

शब्द फिनिश भाषेतला. मराठीत सॉना, सोना, सौना अशी तिन्ही रूपं दिसतात. मूळ उच्चार 'साउना'च्या जवळचा म्हणून इथं सौना घेतलंय. एस्टोनियन भाषेत 'साउन' आहे, म्हणजे शब्द त्या भाषाकुळात जुना. उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषेत बर्फात उकरलेल्या खड्ड्याला याच्याशी जुळणारा शब्द आहे, त्यावरून सौना म्हणजे मुळात जमिनीत खणलेला खड्डा असं काही भाषाभ्यासक मानतात, तर दुसरे तो जर्मानिक भाषांतून आलेला समजतात. जुने सौना उतारावर खणून केलेले असत हे लक्षात घेता पहिलं मत जास्त पटण्यासारखं वाटतं. फिनलंडची वस्ती ५५ लाखांच्या घरात आणि सौना अंदाजे ३० लाख, म्हणजे जवळजवळ घरटी एक; २०२० साली युनेस्कोनं फिनलंडची सौना संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिकडं कुणी 'सौना केला म्हणजे आजचा व्यायाम झाला' असं धरून चालत नाही, अंघोळ, गप्पा आणि विश्रांती म्हणूनच तो घेतात.

आता आपल्याकडचं. आयुर्वेदाच्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, म्हणजे तिच्या पहिल्या विभागात, चौदावा अध्याय स्वेदाचा, म्हणजे घाम काढण्याच्या उपचारांचा आहे. संहितेचा काळ ठरवणं अवघड. मूळ भाग बराच जुना, चरकानं केलेलं त्याचं संपादन साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं आणि दृढबल या नंतरच्या वैद्यानं घातलेली भर त्यानंतर काही शतकांनी, असं सर्वसाधारणपणे मानतात. दृढबलानं भरून काढलेले अध्याय मुख्यतः चिकित्सा, कल्प आणि सिद्धिस्थानातले असल्यामुळं सूत्रस्थानातला हा अध्याय जुन्या थरातला धरायला हरकत नसावी. त्यात अग्नीच्या साहाय्यानं घाम काढायचे तेरा प्रकार दिलेत : संकर, प्रस्तर, नाडी, परिषेक, अवगाहन, जेंताक, अश्मघन, कर्षू, कुटी, भू, कुंभी, कूप आणि होलाक. यातला जेंताक वाचताना आजचा सौनाच डोळ्यापुढं येतो. पाण्याच्या जवळ गोल घर बांधायचं, आतून मातीनं लिंपायचं, भिंतीला लागून बसाय-झोपायला ओटा, मधोमध बारीक भोकांची मातीची भट्टी, त्यात खैर वगैरे लाकडं जाळायची, धूर गेला आणि खोली तापली की अंगाला तेल लावून आत जायचं. घाम फुटून अंग मोकळं झालं की दाराशी यायचं, पण लगेच गार पाण्याला हात लावायचा नाही, एक मुहूर्तभर (सुमारे ४८ मिनिटं) थांबून कोमट पाण्यानं अंघोळ करायची. फिनलंडमधे सरळ तळ्यात उडी मारतात, म्हणजे इथं दोन्ही परंपरांची वाट वेगळी होते. जेंताकावरून सौना मूळचा भारतीय असं म्हणायचा मोह काहींना होतो, पण रशियाचा बान्या, तुर्कांचा हमाम, मेक्सिकोतलं तेमाझकाल अशी गरम घरं जगभर आहेत, ती आपापल्या जागी उभी राहिली असं मानणं जास्त सुरक्षित.

आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र याच अध्यायात पुढं आहे. अग्नीशिवाय घाम आणणाऱ्या दहा गोष्टी चरक मोजतो : व्यायाम, उष्णसदन म्हणजे उबदार बंद घर, गुरुप्रावरण म्हणजे जाड पांघरूण, भूक, बहुपान म्हणजे फार पिणं (जुने भाष्यकार इथं मद्य घेतात), भय, क्रोध, उपनाह म्हणजे लेप बांधणं, युद्ध आणि ऊन. बघा, व्यायाम हा घाम आणायच्या उपायांपैकी एक उपाय आहे आणि त्याच रांगेत राग, भीती आणि जाड पांघरूणही बसलंय. घाम हे या सगळ्यांचं सामायिक फळ. फळ एक म्हणून झाडं एक होत नाहीत, नाहीतर सोलापुरी चादर गुंडाळून झोपणारा आणि आखाड्यात लढत धरणारा दोघंही सारखेच ठरले असते.

व्यायाम कशाला म्हणायचं तेही चरकानं सातव्या अध्यायात सांगितलंय : शरीराची अशी चेष्टा, म्हणजे हालचाल, जी स्थैर्य आणण्यासाठी केलेली असते आणि बळ वाढवते, आणि तीही मापात करायची. सुश्रुताची व्याख्या थोडी वेगळी, शरीराला आयास देणारं कर्म तो व्यायाम. इथं वाद घालायला जागा आहे. शंभर अंशाच्या खोलीत बसणं हा आयास नाही तर काय, असं कुणी म्हणू शकेल. पण सुश्रुताचा शब्द 'कर्म' आहे, आयास कर्मातून यायला हवा, बाहेरच्या आगीतून आलेला चालत नाही. माझ्या मते दोन्ही व्याख्या शेवटी एकाच जागी येतात. १९८५ साली कॅस्परसन आणि सहकाऱ्यांनी केलेली व्याख्या आज जगभर वापरतात, ती पण हेच म्हणते. स्नायूंनी केलेली, ऊर्जा खर्चणारी कुठलीही हालचाल ही शारीरिक क्रिया, आणि त्यातली ठरवून, आखून, पुन्हापुन्हा, तब्येत सुधारायच्या हेतूनं केलेली ती एक्सरसाइज. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्या मिनिटांत सौनाची मिनिटं धरता येत नाहीत.

मग छाती का धडधडते? सौनात कातडीचं तापमान भराभर ४०°च्या आसपास जातं, आतलं तापमान साधारण एका अंशानं वाढतं, आणि शरीर गार राहायला धडपडत बरंच रक्त कातडीकडं पाठवतं. नाडी १०० ते १५० पर्यंत जाते. हृदयाच्या एका ठोक्यातलं रक्त मात्र फारसं वाढत नाही, ठोके वाढतात. धावताना उलटं, रक्त जातं मांडीच्या-पिंढरीच्या स्नायूंकडं, स्नायू कित्येक पट ऑक्सिजन ओढतात, आणि तेच स्नायू आकुंचन पावताना रक्त हृदयाकडं परत ढकलतात. सौनात स्नायू निवांत पडलेले असतात, ऑक्सिजनचा खर्च थोडासाच वाढतो. म्हणून हातातल्या घड्याळावर नाडी बघून कॅलरी मोजली तर आकडा फुगलेला येतो, घड्याळाला कारण कळत नाही, फक्त ठोके कळतात.

तरी सौनाला कमी लेखायचं कारण नाही. जर्मनीतल्या केटेलहुट यांच्या २०१९च्या अभ्यासात १९ निरोगी माणसं २५ मिनिटं सौनात बसवली, तेव्हा त्यांची नाडी आणि रक्तदाब साधारण ६० ते १०० वॅटवर, म्हणजे मध्यम जोरानं, सायकल मारल्याएवढे वाढले आणि नंतर दाब सुरुवातीपेक्षा खाली आला. 'सौना म्हणजे व्यायामच' अशी बातमी फिरते ती बहुतेक यावरून, पण अभ्यास हृदयावरच्या ताणाबद्दल होता, स्नायूंच्या कामाबद्दल नाही. फिनलंडच्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर वीसेक वर्षं लक्ष ठेवून २०१५ साली निष्कर्ष आले, त्यात आठवड्याला चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमधे हृदय अचानक बंद पडून मरण्याचं प्रमाण एकदा घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के कमी निघालं. हा निरीक्षणाचा अभ्यास, रोज सौना घेणारा माणूस मुळातच जरा धडधाकट आणि निवांत असेल ही शंका राहते. त्याच गटाच्या पुढच्या विश्लेषणात दम चांगला आणि सौनाही नियमित अशांचं सगळ्यात बरं निघालं, म्हणजे एक दुसऱ्याची जागा घेत नाही, जोडीनं चालतं. इंग्लंडमधे २०१७ साली लोकांना तासभर ४०°च्या गरम पाण्यात बसवलं, सुमारे १४० कॅलरी खर्च झाल्या. तासभर सायकलला सुमारे ६३०. न्यूझीलंडमधे २००७ साली सहा धावपटूंना तीन आठवडे सरावानंतर सौना दिला, दमेपर्यंत धावायची वेळ ३२ टक्क्यांनी वाढली, कारण रक्तातलं पाणी वाढलं. माणसं सहाच, पण क्रम महत्त्वाचा, आधी धावले आणि मग बसले.

वजनाचं बोलायचं तर एका बैठकीत अर्धा किलो सहज जातो. ते सगळं पाणी आहे, दोन तांबे प्यायलं की परत येतं. एक किलो चरबीत ७,००० कॅलरींच्या वर असतात, ती बसून वितळत नाही, त्यामुळं पोटाला बांधायच्या सौना बेल्टबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. पैलवान पोरांनी मात्र हे नीट वाचावं. वजनगटात बसायला प्लास्टिकचा सूट घालून पळणं आणि गरम खोलीत बसणं आपल्याकडं चालतं. अमेरिकेत १९९७ साली अशाच प्रकारे वजन तोडताना महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेज कुस्तीगीर गेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत सौना आणि रबरी सूट यांवर बंदी आली. फिनलंडमधेच हाइनोला गावात ११०°ला कोण जास्त वेळ बसतं अशी जागतिक स्पर्धा १९९९ पासून होती, २०१०च्या अंतिम फेरीत एक स्पर्धक मेला आणि स्पर्धा कायमची थांबली.

सोलापुरात या प्रश्नाला स्वतःचा एक संदर्भ आहे. एप्रिल-मेमधे पारा ४० च्या वर, कधी ४३ च्याही वर, आणि अर्धं शहर पत्र्याखाली. चरकाच्या दहांपैकी ऊन आणि उष्णसदन फुकट मिळतं. पत्र्याच्या खोलीत दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायका घामानं भिजतात, आणि त्यांची कंबर, मान, गुडघे धरलेले असतात. यंत्रमागाच्या शेडमधला कामगार त्याच उकाड्यात दोन मागांच्या मधे अखंड फिरतो, कांडी बदलतो, तुटलेला धागा जोडतो. घाम दोघांचाही सारखाच, पण त्याचे पाय चालत असतात आणि तिचे मांडी घालून आखडलेले असतात, घामावरून व्यायाम मोजू नका म्हणतो ते यासाठीच. इथल्या बहुतेक जिममधे असतो तो सौनाही नाही, स्टीम आहे, म्हणजे ४५°च्या आसपासची वाफ आणि शंभर टक्के ओलावा. घाम वाळतच नाही, त्यामुळं तापमान कमी असूनही जीव जास्त घाबरतो. सौनाच्या बाकावर टाकतात तो टर्किश टॉवेल मात्र इथलाच, सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे.

गुडघे गेलेल्या, चालता न येणाऱ्या माणसाला डॉक्टरला विचारून घेतलेली गरम बैठक उपयोगी पडू शकते, आणि इथंच सौनाची खरी जागा आहे असं वाटतं. वर्ज्य कुणाला तेही जुनं आणि नवं बरंच जुळतं. चरक गर्भिणी, नित्य मद्य घेणारे, रक्तपित्ताचे म्हणजे रक्तस्रावाचा विकार असलेले आणि मधुमेही यांना स्वेद नको म्हणतो. आजचे डॉक्टर नुकताच हार्ट अ‍ॅटॅक आलेला, छातीत कळ येण्याचं प्रमाण वाढत चाललेलं किंवा हृदयाची झडप फार अरुंद असलेला माणूस आत सोडत नाहीत, आणि दारू पिऊन तर कुणालाच नाही. मे महिन्यात उन्हातून स्कूटरवर येऊन लगेच स्टीममधे शिरू नये, आधी पाणी पिऊन अर्धा तास पंख्याखाली बसावं.