वारांगेर किनाऱ्यावरील समुद्रपक्षी निरीक्षण

वारांगेर : नॉर्वेच्या ईशान्य टोकाला बॅरेंट्स समुद्रात शिरलेले द्वीपकल्प. ते फिनमार्क प्रदेशात, ७०° उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. वार्डो हे त्यावरचे सर्वांत पूर्वेचे गाव इस्तंबूल आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन्ही शहरांच्याही पूर्वेला पडते. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे इथली बंदरे भर हिवाळ्यातही गोठत नाहीत. आर्क्टिकमधले जे पक्षी पाहायला इतरत्र मोहीम काढावी लागते, ते इथे मासेमारीच्या धक्क्याशेजारी पोहताना दिसतात. शिवाय क्रीट बेटावरून निघणारा ‘ई ७५’ हा युरोपीय महामार्ग थेट वार्डोत येऊन संपतो. बर्फ नसलेला समुद्र आणि बारमाही रस्ता एकत्र मिळाल्यामुळेच या किनाऱ्याचे पक्षीनिरीक्षकांत नाव झाले.

हिवाळ्याचा मानकरी म्हणजे स्टेलरचा आयडर. हे बदक आयडरांच्या चार जातींत सर्वांत लहान आहे. नराचे डोके पांढरे, हनुवटी काळी, छाती दालचिनीच्या रंगाची आणि मानेमागे हिरवट तुरा असतो. विणीला सायबेरियाच्या टुंड्रात जाणाऱ्या या पक्ष्यांपैकी काही थवे हिवाळा वारांगेर फ्योर्डमध्ये काढतात. जागतिक पातळीवर ही जात ‘असुरक्षित’ गणली जाते. वाडसो आणि वार्डोच्या बंदरांत मात्र ती धक्क्यावरून साध्या दुर्बिणीनेही दिसू शकते. किंग आयडरचा नर तर नारिंगी फुगवटा आणि निळसर डोके यांमुळे रंगवलेल्या लाकडी खेळण्यासारखा वाटतो. त्याच्यासाठी छायाचित्रकार बोट्सफ्योर्डला जातात. तिथे पाण्यावर तरंगते लपण आहे आणि त्यात उजाडण्यापूर्वी जाऊन बसावे लागते.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत वार्डोत सूर्य उगवतच नाही. त्यामुळे पक्षी हजर असले तरी ते पाहण्याजोगा उजेड दिवसाकाठी थोडाच वेळ मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये दिवस झपाट्याने मोठा होतो, आयडर अजून गेलेले नसतात, आणि कॅपेलिन हे लहान मासे अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतात. ती अंडी खायला बदके आणि मासे पकडायला कुरव जमतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने जूनमधल्या मध्यरात्रीच्या सूर्यापेक्षा हेच दिवस निवडावेत. जूनपर्यंत स्टेलरचे आयडर बहुतेक निघून गेलेले असतात.

मार्च-एप्रिलच्याच सुमारास हॉर्नोया बेटाचे कडे पक्ष्यांनी भरू लागतात. वार्डोहून छोट्या बोटीने अवघ्या काही मिनिटांत इथे पोहोचता येते. बेटावर १८९६ मधले दीपगृह आहे. पफिन, रेझरबिल, किटिवेक कुरव आणि शॅग पाणकावळे हजारोंच्या संख्येने वाटेलगतच घरटी करतात. खरी परीक्षा गिलिमॉट या काळ्या-पांढऱ्या समुद्रपक्ष्याच्या दोन जाती वेगळ्या ओळखण्याची. सामान्य गिलिमॉट ढिगाने असतात, त्यांच्यात ब्रुनिकचे मोजके. ब्रुनिकच्या गिलिमॉटाची चोच आखूड आणि जाड असते, तिच्या कडेने पांढरी रेघ जाते, अंगाचा काळा रंग अधिक गडद असतो, आणि छातीचा पांढरा भाग गळ्याकडे टोकदार होत वर चढतो. उन्हाळी पिसाऱ्यात सामान्य गिलिमॉटाच्याही डोळ्यामागून कधीकधी पांढरी रेघ जाते. ती डोळ्याची, चोचीची नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तर घोटाळा टळतो.

ज्यांना दुर्मीळ म्हणजे खरोखरच क्वचित दिसणारे पक्षी हवेत, ते ध्रुवीय कुरवांच्या मागे असतात. हिमकुरव (आयव्हरी गल) नखशिखांत पांढरा. तो बर्फाच्या कडेने राहतो आणि ध्रुवीय अस्वलांनी टाकलेल्या मांसावरही जगतो. रॉसचा कुरव पोटाला गुलाबी झाक असलेला. दोघेही इथे चुकूनमाकूनच येतात, तेही बहुधा वादळानंतर. त्यांच्या आशेने बंदरातले शेकडो सामान्य कुरव एकेक करून तपासावे लागतात. हे काम कंटाळवाणेच, पण लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात, मिळण्याची वाट त्यातूनच जाते. पश्चिमेकडच्या नॉर्डकिन द्वीपकल्पावर स्लेटनेस दीपगृह आहे; मे महिन्यात तिथे स्कोप (तिवईवरची दुर्बीण) लावून बसले की पांढऱ्या चोचीचे लून आणि पोमेरीन स्कुआ हे समुद्रपक्षी समुद्रावरून पूर्वेकडे जाताना दिसतात.

वारा हा इथला मोठा शत्रू; स्कोप थरथरतो आणि डोळ्यांना पाणी येते. म्हणून पुष्कळ जण मोटारीच्या खिडकीतूनच पाहतात. वार्डोतील ‘बायोटोप’ या वास्तुरचना संस्थेने किनाऱ्यावर जागोजागी लाकडी आडोसे बांधले. निरीक्षकांनी मुक्काम वाढवावा यात त्यांचा मोठा वाटा आहे.

वाडसोजवळच्या छोट्या बेटावर ध्रुवसंशोधक आमुंडसेन आणि नोबिले यांच्या १९२६ च्या वायुनौकेसाठी (एअरशिप) वापरलेला लोखंडी मनोरा अजून उभा आहे. त्याच बेटावरच्या डबक्यात उन्हाळ्यात लाल मानेचे फलारोप हे छोटे पाणपक्षी गिरक्या घेत किडे टिपतात. यांच्यात मादी अधिक रंगीत असते आणि अंडी नर उबवतो. स्कँडिनेव्हियातील या पक्ष्यांपैकी बरेचसे हिवाळ्यात अरबी समुद्रावर येतात, हे त्यांना लावलेल्या इवल्या नोंदयंत्रांवरून कळले आहे. तेव्हा त्यांचा लाल रंग उतरलेला असतो आणि ते करडे-पांढरे दिसतात.

ही गर्दी कायम टिकेलच असे नाही. १९८६-८७ मध्ये कॅपेलिनचा साठा कोसळला तेव्हा बॅरेंट्स समुद्रातील सामान्य गिलिमॉट फार मोठ्या संख्येने घटले. नॉर्वेच्या संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत ही जात आज अतिसंकटग्रस्त आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूने वाडसोच्या परिसरात हजारो किटिवेक मेले. रस्त्यांवरून आणि किनाऱ्यावरून मृत पक्षी उचलावे लागले.