गुडघ्यातली गादी: काढण्यापासून शिवण्यापर्यंत

गुडघ्यातली गादी (मेनिस्कस, म्हणजे मांडी आणि नडगीच्या हाडांमधली कूर्चेची चकती) फाटली की ती काढूनच टाकायची, हा रिवाज विसाव्या शतकात कित्येक दशकं चालला. खरं तर एडिनबराच्या थॉमस ॲनंडेल यांनी १८८३ मध्येच एका खाणकामगाराची सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली होती. पण पुढच्या सर्जन मंडळींना गादीच बिनकामाची वाटली. गुडघा उघडायचा आणि गादी अख्खी काढायची, बस्स. १९४८ मध्ये ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे एक्स-रे पाहिले, तर गादी काढलेल्या बाजूला हाडांमधली फट अरुंद झालेली आणि हाडाला कंगोरा आलेला. वजन पेलायचं काम गादीच करत होती, हे इथे उघड झालं. तरी सवय लगेच सुटली नाही.

गुडघा न उघडता छोट्या छेदातून दुर्बीण घालून आत पाहायची वाट जपानमध्ये निघाली. क्षयाने गुडघा आखडला की जमिनीवर बसणं बंद, आणि जपानी घरात बसणं-उठणं सगळं जमिनीवरच. (पाटावर मांडी घालून जेवलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.) रोग वेळीच ओळखता यावा म्हणून टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांची ‘क्रमांक २१’ ही दुर्बीण मात्र खरी चालली. तिच्या टोकाला चक्क इवलासा बल्ब होता, आणि तो कधी कधी सांध्यातच फुटायचा! तेवढ्या भांडवलावर ४ मे १९६२ रोजी त्यांनी १७ वर्षांच्या एका बास्केटबॉल खेळाडूच्या गादीचा फाटका तुकडा तेवढा काढला, बाकीची तशीच ठेवली. कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन १९६४ मध्ये टोकियोत हे तंत्र शिकले आणि ते उत्तर अमेरिकेत पोहोचलं.

सोय झाली की वापर वाढतोच. झिजलेल्या गुडघ्यांचीही दुर्बिणीतून ‘साफसफाई’ होऊ लागली. ह्यूस्टनमधल्या १८० रुग्णांच्या चाचणीने २००२ मध्ये तिची हवा काढली. काहींना नुसते वरवर छेद दिले होते, आत हात लावला नव्हता. दोन वर्षांनी त्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा जास्त नव्हतं.

गादीला रक्तपुरवठा मुख्यतः बाहेरच्या कडेला असतो, म्हणून तिथली फाट टाक्यांनी जुळण्याची शक्यता जास्त. तरुणाची ताजी फाट असेल तर आज आधी शिवता येईल का हे पाहतात. वयोमानाने झिजून फाटली असेल तर आधी फिजिओथेरपी.